सातवी शिकलेले दादा आणि आपण इंजिनिअर मंडळी

सदर : माणसं आपल्याकडची

अल मजाजमध्ये नवीन मराठी कुटुंब राहायला आलं की पहिल्या भेटीतले तीन प्रश्न ठरलेले असतात. गाव कुठलं, इकडे येऊन किती वर्षं झाली आणि कॉलेज कुठलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं हजार तऱ्हेची येतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र बरेचदा ओळखीचं निघतं. बुधगाव, इस्लामपूर, वारणानगर, लोणी, कोल्हापूरचं केआयटी, पुण्याचं एमआयटी नाहीतर भारती विद्यापीठ. ही सगळी इंजिनिअरिंग कॉलेजं एकाच वर्षी सुरू झाली, हे मात्र आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. वर्ष होतं १९८३. पहिल्या पावसानंतर भूछत्रं उगवावीत तशी ती त्या वर्षी महाराष्ट्रभर उगवली, आणि ती उगवायला ज्यांनी परवानगी दिली ते तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः जेमतेम सातवीपर्यंत शिकलेले शेतकरी होते.

वसंतराव बंडूजी पाटील. पण हे नाव सांगलीत कुणी घेत नाही. सांगलीत ते दादा. नुसतं ‘दादा’ म्हटलं की पुढे काही जोडावं लागत नाही. (आता महाराष्ट्रात दादा बरेच झाले, तो भाग वेगळा.) या सदरात राजकारणी नकोत असा आपल्या संपादक मंडळाचा संकेत आहे. तो या वर्षी मी मोडतो आहे, कारण हा माणूस आपल्या सगळ्यांच्या व्हिसावर शिक्का मारून गेला आहे आणि आपल्या मुलांना त्याचं नावही माहीत नाही.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. गाव पद्माळे, सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णेच्या काठी. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. मूल अजून रांगत असतानाच साथीच्या रोगात आई आणि वडील दोघंही गेले. आजीनं वाढवलं. ज्या घरात कर्ता पुरुष नाही आणि शेत आहे, त्या घरातल्या पोराचं शिक्षण किती व्हायचं? नांगर, मोट, गुरं यातूनच ते शिकलं. शाळा सातवीपर्यंत झाली आणि संपली. पुढे आयुष्यभर दादांच्या अंगावर तोच वेश राहिला, धोतर, सदरा आणि डोक्यावर पांढरी टोपी. बोलणंही कृष्णाकाठचं, रांगडं. सभा गाजवणारे वक्ते ते नव्हतेच. सांगलीकडची जुनी माणसं सांगतात की दादा भाषणात फार रंगत नसत, पण समोरच्या गर्दीतल्या माणसाला नावानं हाक मारत. खेडेगावात याची किंमत काय असते ते आपल्याला माहीत आहे.

तरुणपणी ते काँग्रेसच्या चळवळीत ओढले गेले आणि १९४२ मध्ये भूमिगत झाले. तारा तोडणं, सरकारी यंत्रणा खिळखिळी करणं, हत्यारं जमवणं असली कामं. १९४३ साली पकडले गेले आणि सांगलीच्या तुरुंगात आले. इथून पुढची गोष्ट कुठल्याही सिनेमात शोभावी अशी आहे आणि ती खरी आहे.

सांगलीचा तुरुंग गणेशदुर्गात, म्हणजे भुईकोट किल्ल्याच्या आत होता. भोवती तट, तटाबाहेर खंदक. २४ जुलै १९४३, शनिवारचा दिवस. आषाढातले दिवस, खंदकात पाणी, कृष्णा भरलेली. भर दुपारी दादा आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांना आवरलं, त्यांच्या बंदुका घेतल्या, तटावर चढले आणि वरून खंदकात उड्या टाकल्या. रात्रीच्या अंधारात भिंतीला भोक पाडून पळणं निराळं. हे दिवसाढवळ्या, भर वस्तीत झालं. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघं त्यात हुतात्मा झाले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा पकडले गेले. मोठी शिक्षा झाली. १९४६ साली सुटका झाली तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

सांगलीत आजही २४ जुलै पाळला जातो. तिथल्या मुलांना ही तारीख शाळेत कळते. आपल्या इथल्या मुलांना शार्जाचा फ्लॅग आयलंड माहीत आहे, खालिद लगूनभोवतीची सायकलची वाट पाठ आहे. सुट्टीत गावी गेल्यावर गणपतीचं मंदिर आणि भडंग यांच्याबरोबर तो खंदकही दाखवायला हरकत नाही.

स्वातंत्र्य आल्यावर अशा तरुणांपुढे दोन वाटा होत्या. पेन्शन घेऊन आठवणी सांगत बसायचं, नाहीतर निवडणूक लढवायची. दादांनी दुसरी धरली आणि १९५२ साली सांगलीचे आमदार झाले. पण त्यांचं खरं काम विधानसभेत नव्हतं. ते उसाच्या फडात होतं.

इथे जरा थांबून साखर कारखान्याचं गणित सांगायला हवं, कारण आपल्या मुलांना साखर म्हणजे सुपरमार्केटमधली पिशवी एवढंच माहीत असतं. शार्जात बसून आपण जी साखर चहात घालतो त्यातली बरीचशी जबल अलीच्या बंदरावरच्या रिफायनरीतून येते. तिथे उसाचं एक कांडंही उगवत नाही. बाहेरच्या देशांतून कच्ची साखर जहाजानं येते, तिथे स्वच्छ होते, पांढरी होऊन बाहेर पडते. भांडवल असेल, बंदर असेल, तर साखर अशीही करता येते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे भांडवलही नव्हतं आणि बंदरही नव्हतं. त्याच्याकडे ऊस होता, आणि ऊस तोडल्यापासून दिवसभरात गाळला नाही तर त्यातला गोडवा उतरायला लागतो. म्हणजे शेताजवळ गुऱ्हाळ नाहीतर कारखाना हवाच. कारखाना खासगी मालकाचा असेल तर भाव तो म्हणेल तो, कारण उसाची गाडी दारात उभी राहिल्यावर शेतकरी परत कुठे नेणार?

यावर नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील यांनी तोड काढली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते. शेतकऱ्यांनीच थोडे थोडे पैसे घालून शेअर घ्यायचे, सरकारनं भागभांडवल आणि कर्जाची हमी द्यायची आणि कारखान्याचा मालक ऊस पिकवणाराच. प्रवरेचा हा कारखाना १९५० च्या सुमारास गाळप करू लागला. तेच बियाणं दादांनी सांगलीत पेरलं. शेतकरी सहकारी साखर कारखाना पन्नाशीच्या दशकात उभा राहिला आणि वाढत वाढत आशिया खंडातला सर्वांत मोठा सहकारी कारखाना म्हणून ओळखला जाऊ लागला.

शेअरचे पैसे गोळा करणं म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही. गावोगाव हिंडायचं, पारावर बसायचं, ज्याच्या हातात वर्षातून दोनदाच रोकड येते त्याला सांगायचं की हे पैसे दे, दोन-तीन वर्षांनी चिमणी दिसेल. घरातल्या बाईचं डोरलं मोडून शेअर घेतल्याच्या गोष्टी आमच्या भागात घरोघरी ऐकायला मिळतात. लोकांनी पैसे दिले ते योजनेवर विश्वास ठेवून नव्हे, खांद्यात गोळी घेतलेल्या माणसावर विश्वास ठेवून.

माझे वडील अशाच एका कारखान्याचे सभासद होते. दिवाळीच्या आधी सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळायची. ते पोतं सायकलच्या कॅरिअरवर बांधून वडील घरी आणायचे तेव्हा आमच्याकडे दिवाळी लागायची. आई त्यातली साखर करंज्यांना वेगळी, चहाला वेगळी काढून ठेवायची आणि पोत्याची पिशवी शिवायची. सभासद असल्याचा माज वडिलांना होता. हो, माजच. एक मत त्यांचंही आणि पन्नास एकरवाल्याचंही. वार्षिक सभेत उभं राहून अध्यक्षाला काटामारीबद्दल विचारायची त्यांना फार हौस.

उसाच्या बिलातून दर टनामागे थोडी रक्कम कापून घेण्याची पद्धतही याच कारखान्यांनी पाडली. त्यातून रस्ते, दवाखाने, शाळा, वसतिगृहं झाली. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लागू लागली. आणि हेही खरं की कारखान्याचा अध्यक्ष तोच बँकेचा संचालक, तोच आमदार, अशी एक साखळी तयार झाली. ज्याच्या हातात ऊस तोडणीची तारीख, त्याच्या हातात मत. विरोधात गेलेल्याचा ऊस फडात वाळायचा. दादांना या साखळीचा जनक म्हणावं की बळी, यावर सांगलीत आजही वाद रंगतो. माझ्या मते दोन्ही. पाण्याचा हिशेबही त्यातलाच. कृष्णाकाठी ऊस पाटानं पाणी पीत राहिला आणि तीस-चाळीस मैलांवर जत, आटपाडी, कवठे महांकाळची माणसं टँकरची वाट बघत राहिली.

पाण्याचं दादांना कळत नव्हतं असं नाही. १९७२ साली ते वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे मंत्री झाले आणि लगेच महाराष्ट्रावर तो भीषण दुष्काळ आला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा दादांच्या नावावर आहे. चार शब्दांत अख्खं जलशास्त्र सांगणारी दुसरी घोषणा मला माहीत नाही. नालाबांध, पाझर तलाव, गावतळी यांची भाषा त्यांनी मोठ्या धरणांच्या भाषेच्या बरोबरीला आणली. शिकलेला इंजिनिअर नदीकडे बघतो तेव्हा त्याला धरण दिसतं. शेतकऱ्याला विहीर दिसते, आणि ती विहीर चैत्रात आटू नये एवढंच त्याला हवं असतं. दुष्काळी पट्ट्यात कृष्णेचं पाणी उचलून नेणाऱ्या ताकारी आणि म्हैसाळ योजना १९८० च्या दशकात हाती घेतल्या गेल्या. ते पाणी शेवटच्या गावांपर्यंत पोहोचायला पुढची पिढी उजाडली.

जिल्ह्यातलं राजकारण मात्र पाण्यावरूनच पेटलं. इस्लामपूरचे राजारामबापू पाटील हे दादांचे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी. वारणेवर धरण खुजगावला व्हावं की चांदोलीला, यावरून दोघांचं बिनसलं. बापूंचं म्हणणं खुजगाव, दादांचं चांदोली. धरण अखेर चांदोलीला झालं. पण ‘दादा की बापू’ हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात लग्नाच्या पंगतीतही विचारला जायचा. सोयरीक जुळवताना पत्रिका नंतर, पाहुणे कुठल्या गटाचे ते आधी. हसू नका, मी हे पाहिलेलं आहे.

वरच्या राजकारणातली दादांची चढउतार मी भराभर सांगतो, कारण ती तारखांची जंत्री आहे. १९७६ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडावं लागलं. राजकारणातून संन्यास घेतल्याचं त्यांनी जाहीर करून टाकलं. आणीबाणीनंतर काँग्रेसचा धुव्वा उडाला आणि संन्यासी परत आला, तो थेट मे १९७७ मध्ये मुख्यमंत्री होऊन. त्याच काळात सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला. मार्च १९७८ मध्ये दोन काँग्रेसचं एकत्र सरकार आलं, दादा मुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. त्याच वर्षी जुलैत शरद पवारांनी चाळीसेक आमदारांसह बाहेर पडून ते सरकार पाडलं आणि अडतिसाव्या वर्षी स्वतः मुख्यमंत्री झाले. या घटनेला लोकांनी जे नाव दिलं ते सगळ्यांना माहीत आहे आणि आपल्या मंडळात दोन्ही बाजूंचे लोक असल्यानं मी ते इथे लिहीत नाही. १९८० मध्ये दादा सांगलीतून लोकसभेवर गेले. फेब्रुवारी १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री.

आता मूळ मुद्दा.

१९८३ पूर्वी महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं तर सरकारी कॉलेजं थोडी, अनुदानित त्याहून थोडी. सांगलीचं वालचंद, मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी अशी नावं बोटांवर मोजावीत. ज्याला बारावीला उत्तम गुण, तो गेला. बाकीच्यांपैकी ज्यांच्याकडे पैसा होता ते कर्नाटकात जायचे. तिथे खासगी कॉलेजं आधीच होती, मणिपालसारखी. देणगी भरायची, प्रवेश घ्यायचा. सांगली, कोल्हापूर, सोलापूरचे पैसेवाले बागायतदार पोरांना सीमेपलीकडे पाठवत होते आणि पैसा तिकडे जात होता. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांची पोरं आयटीआय करत, नाहीतर बीए होऊन नोकरीसाठी आमदाराची चिठ्ठी मागत.

दादांच्या सरकारनं ठरवलं की सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसे नाहीत, तर ज्यांना काढायची आहेत त्यांनी काढावीत. सरकार अनुदान देणार नाही, संस्थांनी फी घेऊन चालवावीत. ‘विनाअनुदान धोरण’ ते हेच. विरोध भरपूर झाला. शिक्षणाचा बाजार मांडला, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली, आणि त्यातल्या काहींच्या बोलण्यात सातवी शिकलेल्या माणसाला शिक्षणातलं काय कळणार हा सूरही होता.

मला विचाराल तर दादांनी शिक्षणाकडे साखर कारखान्यासारखंच पाहिलं. माल शेतात उभा आहे, गाळायला यंत्र नाही, सरकारकडे पैसे नाहीत, तर लोकांच्या पैशांतून यंत्र उभं करा. फरक एवढाच झाला की कारखान्यात शेअर घेणारा मालक होता. कॉलेजात पैसे भरणारा गिऱ्हाईक झाला. हा फरक लहान नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत माझे वडील उठून बोलू शकत होते. माझ्या कॉलेजच्या कार्यालयात ते टोपी हातात घेऊन उभे राहिले.

एक गोष्ट मात्र दादांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. परवानग्या फक्त आपल्या गोटात वाटल्या गेल्या नाहीत. राजारामबापूंच्या कासेगाव शिक्षण संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेज इस्लामपूरजवळ साखराळ्यात निघालं तेही १९८३ सालीच. बापू तेव्हा विरोधी पक्षात होते, जिल्ह्यातलं वैर जगजाहीर होतं. पुढच्याच जानेवारीत बापू वारले. आज ते कॉलेज बापूंच्या नावानं चालतं आणि तिकडे बुधगावचं दादांच्या नावानं. आपल्या अल मजाजमध्ये दोन्हीकडची मुलं शेजारी शेजारी राहतात, एका गाडीतून अल इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज दुबईला जातात आणि दादा-बापू वाद त्यांना ऐकूनही माहीत नाही.

माझी पाळी आली तोपर्यंत सुप्रीम कोर्टाचा निकाल होऊन फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी झाली होती. मी पेमेंटवाला. कॉलेजचं नाव नको. इमारत अर्धी झालेली, वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाळ्यात लेथ मशीनला हात लावला तर चटका बसायचा. एका विषयाला वर्षभरात तीन सर बदलले, कारण ते स्वतः नुकतेच पास होऊन चांगल्या नोकरीची वाट बघत होते. फीसाठी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं, उसाचं बिल चार वर्षं थेट तिकडे वळतं झालं. थोरल्या बहिणीचं शिक्षण बारावीवर थांबलं होतं, तिच्या लग्नाचाही खर्च झालेला. तिला माझ्याइतकेच गुण होते. हा हिशेब मी कुठल्याच खात्यात बसवू शकलेलो नाही. पण ती डिग्री नसती तर आज मी गावी काय करत असतो, तेही मला माहीत आहे. चार भावांत वाटलेली पावणेदोन एकर.

आपल्या डिग्रीवर इकडे येण्याआधी किती शिक्के बसतात ते तुम्हाला सांगायला नको. विद्यापीठ, राज्य सरकार, परराष्ट्र खातं, मग अमिरातीची वकिलात. ते भेंडोळं घेऊन मुंबईत रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्या कागदाच्या मुळाशी मंत्रिमंडळाची एक बैठक आहे आणि तिच्या अध्यक्षस्थानी धोतर नेसलेला माणूस आहे, हे त्या रांगेत कुणाच्या डोक्यात येत नाही.

या निर्णयाची दुसरी बाजू आपल्या नातेवाईकांच्या घरात दिसते. कॉलेजं एवढी झाली की जागा रिकाम्या राहू लागल्या. संस्थाचालकांचे ‘शिक्षणसम्राट’ झाले, आणि त्यातले किती दादांच्याच पठडीतले होते ते मोजत बसू नये. देणग्यांवर बंदी घालणारा कायदा १९८७ साली करावा लागला, म्हणजे चार वर्षांत काय चाललं होतं ते समजा. माझा एक भाचा चार वर्षं शिकून सांगलीत मोबाइलच्या दुकानात बसला आहे. त्याला दादांबद्दल चांगलं बोललेलं चालत नाही. त्याचंही चूक नाही. आपण जे इकडे आलो ते त्या गाळपातली साखर. चिपाड तिकडे राहिलं, आणि चिपाड कोण आणि साखर कोण हे गुणांवर ठरलं नाही. कोण कुठल्या वर्षी पास झाला आणि त्या वर्षी आखातात बांधकाम किती चालू होतं, यावर ठरलं.

मुख्यमंत्री म्हणून दादांच्या त्या कारकिर्दीत अपयशंही मोठी आहेत. गिरणी कामगारांचा संप त्यांच्या आधीच, जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला. अडीच लाख कामगार. दादांना त्यावर तोडगा काढता आला नाही, आणि आपल्या मंडळातल्या कोकणातल्या आणि साताऱ्याच्या कित्येक घरांनी लालबाग-परळची खोली सोडून गावची वाट धरली ती त्याच दिवसांत. १९८४ मध्ये भिवंडीची दंगल झाली. मुंबई केंद्रशासित होण्याबद्दलचं त्यांचं एक विधान १९८५ च्या महापालिका निवडणुकीत इतकं गाजलं की शिवसेनेला मुंबईत सत्ता मिळाली. ते विधान भोळेपणानं केलं की डाव होता, यावर दोन मतं आहेत. मला भोळेपणा पटत नाही. तुरुंगाच्या तटावरून उडी मारण्याआधी खंदकाची खोली बघणारा माणूस बोलण्याआधी बघत नसेल?

त्याच वर्षी दिल्लीनं प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं. दादांना विचारलं नाही. त्यांनी जूनमध्ये राजीनामा देऊन टाकला. चारदा शपथ घेतली आणि पाच वर्षं सलग एकदाही मिळाली नाहीत. मग राजस्थानचं राज्यपालपद आलं. जयपूरच्या राजभवनात दादांचा जीव रमला नसावा. १९८७ मध्ये तेही सोडून ते महाराष्ट्रात परतले आणि १ मार्च १९८९ रोजी गेले. सांगलीत कृष्णेच्या काठी समाधी आहे. पुण्याजवळ मांजरीची साखर संशोधन संस्था त्याच वर्षापासून त्यांच्या नावानं ओळखली जाते.

घराण्याचं पुढे काय झालं हे तिकडच्या नातेवाईकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुलगा प्रकाशबापू खासदार झाले, नातू प्रतीक केंद्रात मंत्री झाले. ज्या कारखान्यासाठी डोरली मोडली होती तो कर्जात रुतला आणि भाडेपट्ट्यानं चालवायला द्यावा लागला. दादांच्या नावाची शेतकरी बँक अवसायनात गेली. ठेवीदारांचे हाल झाले. एवढं होऊनही २०२४ च्या लोकसभेला दुसरे नातू विशाल पाटील यांना पक्षाची उमेदवारी मिळाली नाही तेव्हा ते अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांनी निवडून आले. निकालाच्या दिवशी इथे बुहैरा कॉर्निशवर आमच्या चालणाऱ्या ग्रुपमध्ये सांगलीकरांनी पेढे वाटले. मी एकाला विचारलं, तू तर दुसऱ्या पक्षाचा. तो म्हणाला, पक्ष वेगळा, दादा वेगळे. त्याचा जन्म १९९० चा आहे. दादा जाऊन वर्ष झालं होतं.

यंदा माझी मुलगी बारावीला आहे. युनिव्हर्सिटी सिटीतल्या कॉलेजांची फी आम्ही घरात बसून दिरहममध्ये बघतो, मग तिची आई ती रुपयांत करते, मग आम्ही लॅपटॉप बंद करतो. पुण्याचा पर्याय आहे. मुलीला कॉम्प्युटर करायचं आहे. तिच्या आजोबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, फ्री का पेमेंट? त्यांना अजून तीच भाषा माहीत आहे.

एक विनंती. १९८३ ते १९८७ या पहिल्या पाच बॅचेसमधले जे कोणी शार्जा, अजमान, दुबईत असतील, किंवा निवृत्त होऊन गावी परतले असतील, त्यांनी आपल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाबद्दल चार ओळी लिहून मंडळाकडे पाठवाव्यात. वर्ग कुठे भरायचा, फी किती होती, ती घरात कुठून आली. भाऊ-बहिणींपैकी कुणाचं शिक्षण थांबलं असेल तर तेही लिहा, नाव नको. फोटो असतील तर उत्तम, विशेषतः पत्र्याच्या शेडचे. पुढच्या दिवाळीत याच पानावर छापू.